विंचू उतरतो कसा?

कोकणात वैशाखाचा उकाडा सुरू झाला की आंबा, काजू व फणस ह्यांच्या मागोमाग आणखी एक पाहुणा घरात शिरतो. त्याचे स्वागत मात्र कोणीच करीत नाही. जांभ्या दगडाचे गडगे, कौलांखालची सांद, पडवीतील लाकडांची रास, आंब्याच्या पेट्यांत घालण्यासाठी आणून ठेवलेले वाळके गवत ही सर्व विंचवाची आवडती वसतिस्थाने होत. आमच्या पावस गावी जुन्या पिढीतील माणसांत विंचवाची ओळख नाही असा मनुष्य विरळा. आणि ज्या अर्थी विंचू घरोघर, त्या अर्थी त्याच्यावरील उतारेही घरोघर आहेत. कोणी कांद्याचा रस चोळतो, कोणी चुना लावतो, कोणी एखादी मुळी उगाळतो, कोणी मंत्र घालणाऱ्याकडे धाव घेतो. ह्यांपैकी प्रत्येकाजवळ अनुभवाची साक्ष असते. "आम्ही स्वतः पाहिले आहे, अर्ध्या तासात विंचू उतरला" असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. त्यांनी खरोखरच तसे पाहिलेले असते.

तर मग प्रश्न असा की, इतक्या प्रामाणिक माणसांचा इतका प्रत्यक्ष अनुभव असताना कोकणातील मुले विंचवाने मरत का होती? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आमच्याच कोकणपट्टीत, महाडच्या परिसरात, एका तरुण डॉक्टरने आपली उमेद खर्ची घातली. त्याची हकीकत वाचकांस सांगावी, आणि घरातील नित्याच्या दुखण्याखुपण्यांविषयी विचार करण्याची जी रीत तिच्यातून शिकावयास मिळते ती पुढे मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. आमचा सारा जन्म मुलांस व्याकरण व संस्कृत शिकविण्यात गेला. परंतु प्रमाण कशास म्हणावे हा प्रश्न जितका वैद्याचा तितकाच पंतोजीचाही आहे.

मांत्रिकाचे यश

प्रथम विंचवाची जात पाहू. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग केलेले आहेत. आजचे प्राणिशास्त्रही तत्त्वतः हेच सांगते. मोठा, काळा, दिसावयास भयंकर असा विंचू बहुधा फारसा घातक नसतो. खरा घातक तो लहानसा, तांबूस रंगाचा, बारीक नांग्यांचा व जाड शेपटीचा लाल विंचू. कोकणात माणसे दगावतात ती मुख्यत्वे ह्याच्या विषाने. आणि ह्याचा दंश झाला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष शरीरात जातेच असे नाही. पुष्कळांस केवळ दंशाच्या जागी प्राणांतिक वेदना होतात, त्या काही तासांनी आपोआप कमी होतात, व मनुष्य दुसऱ्या दिवशी कामास लागतो. थोड्यांसच विष अंगभर भिनते व त्यांचा जीव धोक्यात येतो.

आता मांत्रिकाच्या दारात उभे राहून विचार करा. त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेक, काहीही न करता बरे व्हावयाचेच असतात. तो मंत्र म्हणतो, हातावर फुंकर घालतो, वेदना उतरते, त्याचे नाव होते. जो थोडका दुर्दैवी वर्ग उरतो तो मेला तर "आणण्यास उशीर झाला", "आयुष्याची दोरीच तुटली" असे म्हणून लोक स्वतःचे समाधान करून घेतात. यश मंत्राच्या खाती व अपयश दैवाच्या खाती, अशी ही जमाखर्चाची पद्धत होय. अशा वहीत तोटा कधी दिसणारच नाही.

आपल्या शास्त्रकारांनी ह्या चुकीस फार सुंदर नाव देऊन ठेवले आहे. कावळा ताडावर येऊन बसण्यास आणि ताडाचे फळ पडण्यास एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. ह्यासच काकतालीय न्याय म्हणतात. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिली कारण व दुसरी कार्य, असा निश्चय करता येत नाही. त्यासाठी अन्वय व व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात. अमुक असता अमुक घडते हा झाला अन्वय. अमुक नसता ते घडत नाही हा व्यतिरेक. मंत्र घातला व विंचू उतरला, हा अन्वय सर्वांनी पाहिलेला असतो. मंत्र न घालताही विंचू उतरतो की नाही, हे पाहण्यास मात्र कोणी थांबत नाही. आपल्या घरगुती अनुभवात व्यतिरेकाची बाजू जवळजवळ नेहमीच कोरी असते, आणि फसगत होते ती तेथे.

बिरवाडीचे टिपण

डॉ. हिम्मतराव बावसकर ह्यांचा जन्म १९५१ सालचा, जालना जिल्ह्यातील एका खेडेगावातील गरीब शेतकरी कुटुंबातला. नागपुरास वैद्यकीचे शिक्षण पुरे करून १९७६ साली ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. आपल्या खडतर बालपणाची व पुढील धडपडीची हकीकत त्यांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

बिरवाडीस त्यांच्यापुढे विंचवाचे रुग्ण येऊ लागले, आणि त्यांत धडधाकट मुले व तरुण माणसे डोळ्यांदेखत मरू लागली. दंशानंतर काही वेळाने वांती होई, दरदरून घाम सुटे, हातपाय बर्फासारखे थंड पडत, छाती धडधडू लागे. पुढे दम लागून तोंडावाटे फेस येई व रुग्ण जाई. ह्या अवस्थेवर खात्रीचा असा उपाय त्या काळी कोणाजवळच नव्हता. वेदनाशामक व झोप आणणाऱ्या औषधांचे मिश्रण टोचावे, स्टेरॉइड द्यावे, अॅट्रोपिन द्यावे, असे उपाय ठिकठिकाणी चालत. म्हणजे मांत्रिकाजवळ मंत्र होता, तशी डॉक्टरांजवळ इंजेक्शने होती. व्यतिरेकाची परीक्षा दोहोंचीही झालेली नव्हती. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुराव्याचा आग्रह म्हणजे जुन्याची निंदा व नव्याची भलावण अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हा तराजू मंत्रास व इंजेक्शनास सारखाच लावावयाचा असतो. पुढे असे दिसून आले की, त्या रूढ इंजेक्शनांपैकी काहींनी लाभ तर नाहीच, उलट अपाय होण्याचाच संभव. अॅट्रोपिनने तर आधीच धावणारे हृदय आणखी धावू लागते.

बावसकरांनी पहिली गोष्ट केली ती औषधाची नव्हे, निरीक्षणाची. रुग्णाच्या उशाशी बसून ते दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांची ऊब ह्यांची नोंद करीत राहिले. अशा अनेक नोंदी एकत्र ठेवल्यावर त्यांतून क्रम दिसू लागला. विष भिनलेल्या रुग्णाचा रक्तदाब आरंभी वाढतो. मग हृदय थकते. मग फुप्फुसांत पाणी भरते. आणि ह्या सर्वांच्या आधी काही पूर्वचिन्हे दिसतात: वांती, अतिशय घाम, तोंडास सुटणारी लाळ, थंड हातपाय, व पुरुषांत आणि मुलग्यांत विनाकारण होणारे शिश्नोत्थान. धोक्याची सूचना देणारी ही लक्षणे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' ह्या लंडनच्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. खेड्यातल्या दवाखान्यात, प्रयोगशाळेच्या साह्यावाचून, केवळ डोळे, हात व वही ह्यांच्या बळावर झालेले हे काम जगभरच्या डॉक्टरांनी वाचले.

येथे आम्हांस चरकसंहितेची आठवण होते. सूत्रस्थानात परीक्षेची साधने चार सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती. पहिली तीन सर्वांच्या परिचयाची आहेत. चौथी, युक्ती, म्हणजे अनेक कारणांचा संयोग ध्यानात घेऊन कार्याचा उलगडा करणारी बुद्धी. आप्तोपदेश अपुरा पडला तेव्हा बिरवाडीच्या डॉक्टरने प्रत्यक्षाचा आश्रय केला, प्रत्यक्षावरून अनुमान बांधले. पुढचे पाऊल युक्तीचे होते.

एका गोळीची कथा

विष शरीरात गेले म्हणजे ते मज्जातंतूंस चेतविते आणि भय व संताप ह्यांच्या वेळी रक्तात उतरणारी जी द्रव्ये असतात त्यांचा पूर सोडते. त्या पुराने साऱ्या शरीरातील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बागेला पाणी शिंपताना नळीचे तोंड घट्ट दाबून धरावे व पंप तसाच चालू ठेवावा, म्हणजे पंपाची जी अवस्था होईल तीच हृदयाची होते. तेव्हा पंपास चाबूक मारणारे औषध देण्यात अर्थ नाही. नळीचे तोंड मोकळे करावयास पाहिजे.

रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे एक औषध रक्तदाबाच्या विकारासाठी बाजारात आलेले होते. पोटात घ्यावयाची साधी गोळी, तीही स्वस्त. बावसकर पुण्यास एम.डी. होऊन पुन्हा महाड-पोलादपूरच्या भागात परतले होते. रक्तवाहिन्या सैल करण्याचा मार्ग त्यांनी प्रथम शिरेतून द्यावयाच्या एका प्रखर औषधाने चोखाळला. परंतु त्यास क्षणोक्षणी पहारा हवा, व तो खेड्यात शक्य नव्हता. तेव्हा १९८३-८४च्या सुमारास त्यांनी प्राझोसिनची योजना केली. १९८६ साली डॉ. हिम्मतराव व त्यांच्या सहधर्मचारिणी डॉ. प्रमोदिनी बावसकर ह्या उभयतांनी ह्या उपचाराचे फळ 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पूर्वी विष भिनलेल्या रुग्णांपैकी शेकडा पंचवीस-तीस दगावत असत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. मृत्यूचा हिशेब ज्याने केला आहे त्यास ह्या आकड्याचे मोल सांगावयास नको. पुढे २०२२ साली भारत सरकारने बावसकरांस पद्मश्री देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला.

स्वतःच्या औषधाची परीक्षा

गोष्ट येथे संपली असती तरी ती गोड होती. परंतु आम्हांस तिचा सर्वांत मोठा भाग ह्यापुढचा वाटतो. विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस, म्हणजे प्रतिविष, मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतील कारखान्यात तयार होऊ लागली. ज्या हाफकिनसाहेबांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्यांनी १८९७च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने टोचून घेतलेले व न टोचलेले अशा कैद्यांची तुलना करून तिचा गुण पाहिला होता. अन्वय व व्यतिरेक शेजारी शेजारी ठेवण्याचा तो आपल्या मुंबईतील एक जुना पाठ होय.

तर आता प्रश्न असा निघाला की, प्राझोसिन एकटे चांगले की प्राझोसिनच्या जोडीस हे प्रतिविष दिलेले चांगले? बावसकरांस सहज म्हणता आले असते की, माझ्या गोळीने रुग्ण वाचतात, हे सर्वांस ठाऊक आहे. आता आणखी काय पाहावयाचे? त्यांनी तसे म्हटले नाही. महाडच्या आपल्या रुग्णालयात त्यांनी विष भिनण्याची लक्षणे असलेले ७० रुग्ण घेतले व त्यांचे पस्तीस-पस्तीसांचे दोन वर्ग केले. कोणी कोणत्या वर्गात जावे हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दैवावर सोपविले. ही खबरदारी फार महत्त्वाची आहे. डॉक्टर कितीही सज्जन असला तरी ज्या औषधावर त्याचा लोभ आहे त्याच्या वाट्यास सौम्य रुग्ण नकळत दिले जाण्याचा संभव असतो. दैवास असा लोभ नसतो.

ह्या परीक्षेचा निकाल २०११च्या जानेवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी तेवढ्याच वेळात बरे झाले ते ८. पहिल्या वर्गास बरे होण्यास सरासरी ८ तास लागले, दुसऱ्यास सुमारे १७.७ तास. कोणास काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांसही ठाऊक होते. हे ह्या परीक्षेचे न्यून खरे, व ती उघड स्वरूपाची होती असे निबंधाच्या मथळ्यातच नमूद केलेले आहे. ज्या गोळीने आपले नाव जगात केले ती एकटी पुरेशी जलद नाही, असे त्या गोळीच्या पुरस्कर्त्यानेच मोजून, छापून जाहीर करावे, ह्याहून सत्यनिष्ठेचे दुसरे उदाहरण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस कोणते दिले असते? मांत्रिकाची वही आणि ही वही ह्यांत जो भेद आहे तो हा. पहिलीत तोटा मांडावयास रकानाच नाही. दुसरीत तो रकाना आधी आखलेला असतो.

विंचू चावला असता

आता व्यवहाराचे चार शब्द. विंचू चावलेल्या माणसास धीर द्यावा, स्वस्थ निजवावे, दंशाची वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी. दंशाच्या जागी कपड्यात गुंडाळून बर्फ धरण्यास हरकत नाही. दोरीने करकचून बांधणे, चिरा पाडणे, तोंडाने विष ओढणे, तंबाखू वा इतर काही खाऊ घालणे ह्यांतले काहीही करू नये. वेदना मोठी म्हणजे धोका मोठा, असा नियम नाही. कित्येकदा वेदना थोडी व विष मात्र अंगभर, असे घडते. म्हणून "आता दुखत नाही, उतरला" एवढ्यावर विसंबू नये. वांती, घाम, लाळ, थंड हातपाय ह्यांकडे लक्ष ठेवावे. मुलग्यांच्या बाबतीत वर सांगितलेले लक्षण डॉक्टरांस सांगण्यास आयांनी संकोच करू नये, कारण तेच कधी कधी सर्वांच्या आधी दिसते.

लहान मुलांच्या बाबतीत लक्षणे दिसण्याची वाटच पाहू नये. विंचू मोठ्या माणसास जेवढे विष देतो तेवढेच मुलास देतो, आणि मुलाचे शरीर इवलेसे. आमच्या गावच्यासारखे प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर थेट तेथे न्यावे. डॉक्टर पुढे रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्या म्हणाले तर तत्काळ निघावे, आणि ते सांगतील तितका वेळ मुलास देखरेखीखाली ठेवावे. प्राझोसिनची माहिती आम्ही दिली ती वाचकांनी गोळ्या आणून फडताळात ठेवाव्या म्हणून नव्हे. ह्या औषधाने रक्तदाब एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. मात्रा वजनावर ठरते. द्यावयाचे ते डॉक्टरांनीच.

ज्या घरी मंत्रावर श्रद्धा आहे त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. मंत्र वाहनात बसूनही म्हणता येतो. घात होतो तो मंत्राने नव्हे, त्यापायी गेलेल्या दोन-तीन तासांनी. सर्पदंशासही हेच लागू आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, व विषारी सापही दर खेपेस विष सोडतोच असे नाही. म्हणून तेथेही "उतरविणाऱ्यां"चे नाव होते, आणि ज्यास खरोखर विष बाधले आहे त्याचा वेळ फुकट जातो.

नित्याची दुखणी

विंचू वर्षातून एखादे वेळी येतो. सर्दी, ढाळ व रक्तदाब हे मात्र बारमाही पाहुणे. त्यांच्याकडेही ह्याच दृष्टीने पाहता येते.

सर्दी-पडशाचे घ्या. हा विकार बहुतेक वेळा विषाणूंपासून होतो व आठ-दहा दिवसांत आपला आपण जातो. चौथ्या दिवशी अँटिबायोटिक गोळी सुरू केली व सातव्या दिवशी नाक मोकळे झाले, म्हणून गोळीस श्रेय देणे हा पुन्हा काकतालीय न्यायच. ही औषधे जंतूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. इतकेच नव्हे तर उगाच घेतल्याने अंगातील जंतू त्यांस जुमानीनासे होतात, व पुढे खरी गरज पडेल त्या दिवशी औषध हात टेकते. ह्याच धास्तीने भारत सरकारने २०१४ पासून अशा कित्येक औषधांची चिठ्ठीवाचून होणारी विक्री रोखण्यासाठी अधिक कडक नियम लागू केले. हळद घातलेले दूध, गरम पाणी, विश्रांती हे घरचे उपाय सुखाने करावे. त्यांनी सर्दी लवकर जाते असा आमचा दावा नाही, पण जीवास बरे वाटते व अपाय नाही. मात्र श्वास जलद चालणे, छातीत खड्डा पडणे, ताप हटवादीपणाने राहणे, मुलाने खाणेपिणे सोडणे, ही सर्दीची लक्षणे नव्हत. तेथे डॉक्टर पाहिजे.

ढाळांच्या बाबतीत तर आपल्या देशाने जगास धडा दिला आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने कहर केला. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातलगांकरवी पाजविले. पटकीचे मृत्यू शेकडा तीसच्या घरातून चाराच्या आत आले. तेव्हा मुलास ढाळ लागले असता ते थांबविणारी गोळी शोधण्यापेक्षा, पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ओआरएसची पूड विरघळवून घोट घोट पाजीत राहणे हा सिद्ध झालेला उपाय आहे. अंगावरचे दूध वा जेवण तोडू नये. मूल मलूल होऊन पडले, लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा शौचास रक्त पडू लागले तर मात्र घरी थांबू नये. सर्व दुखण्यांत सुई मारून घेतल्यावाचून ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या उपायाने इतकी मुले वाचली तो वाटी-चमच्याचा आहे.

रक्तदाबाची तऱ्हा उलट. येथे काही दुखत नाही, म्हणून उपचाराची गरज पटत नाही. जिना चढून आल्या आल्या एकदा मोजलेल्या आकड्यावरून घाबरूही नये व औषधही ठरवू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, निरनिराळ्या दिवशी मोजावे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० ह्यांच्या वर वारंवार राहू लागला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे. आणि एकदा औषध सुरू झाले की "आता बरे वाटते" म्हणून ते सोडू नये, कारण वाईट तर आधीही वाटत नव्हते. येथे आपले वाटणे हे प्रमाण नव्हे. यंत्रावरील आकडा व हजारो रुग्णांच्या तुलनेतून निघालेला निष्कर्ष हे प्रमाण.

तीन प्रश्न

कोणी म्हणेल, सामान्य गृहस्थाने ह्या खोलात शिरावे कशास? डॉक्टर आहेत ना? आहेत, परंतु डॉक्टरांकडे जावे की मांत्रिकाकडे, आज जावे की उद्या, दिलेले औषध पुरते घ्यावे की अर्ध्यात सोडावे, शेजारणीने सांगितलेला काढा द्यावा की न द्यावा, हे निर्णय घरातच होतात, आणि बहुधा घरातील स्त्रियांवर येऊन पडतात. म्हणून कोणत्याही उपायाची कोणी वाहवा केली तर तीन प्रश्न विचारावे. हा उपाय केला नसता तर काय झाले असते? ज्यांनी तो केला व ज्यांनी केला नाही त्यांची तुलना कोणी केली आहे काय? आणि ह्या उपायात जाणारा वेळ व होणारा अपाय किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी घरी मिळणार नाहीत. ती डॉक्टरांस नम्रपणे विचारावी. चांगल्या डॉक्टरास असा प्रश्न आवडतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपले आपणांस देता येते.

आणखी एक सूचना करून हा लेख पुरा करतो. प्रत्येक घरात देवघराच्या फळीवर पंचांग असते, तशी एक साधी वही दुखण्यांसाठी असावी. ताप केव्हा आला, किती चढला, वांती किती वेळा झाली, कोणते औषध कोणत्या वेळी दिले, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले, हे तारीखवार लिहावे. पेन्सिलीने लिहिले तरी चालेल, पण जे फसले तेही लिहावे. डॉक्टरांपुढे ती वही ठेवली तर अर्धे निदान तेथेच सोपे होते. बिरवाडीस विंचवाचा उलगडा झाला तो अशाच नोंदींतून. आपल्या मुलाबाळांसाठी एवढे लिहिण्यास रोज चार ओळींपेक्षा अधिक श्रम पडणार नाहीत, आणि शाई तर आजकाल कोणी वापरीतही नाही.